दारातल्या चार फुटांचं काय करायचं?

ठाणे, डोंबिवली, पिंपरी, नाशिक, गाव कुठलंही असो, वन बीएचकेचं दार उघडलं की दृश्य साधारण सारखंच. दाराआड चपलांचा ढीग, ढिगावर कुरिअरचं फोडलेलं खोकं, सेफ्टी डोअरच्या जाळीला लोंबणारी दुधाची पिशवी. दार पूर्ण उघडत नाही, कारण त्यामागे मुलाची बॅट आणि गिरणीत न्यायचा दळणाचा डबा. पाहुणा एका पायावर उभा राहून सँडलचा पट्टा सोडवत असतो आणि घरातले "असू द्या, असू द्या, घालून या आत" म्हणत मागे सरकत असतात. दोघांना एकावेळी उभं राहता येईल एवढी जागाच नसते.

जुन्या घरांना ही अडचण नव्हती. कोकणात आधी अंगण, मग पडवी, मग ओटी. चिखलाचे पाय अंगणात धुवायचे, छत्री पडवीत टांगायची, ओटीवर टेकून पाणी प्यायचं आणि मग माजघरात. पुण्याच्या वाड्यात दिंडी दरवाज्यामागे देवडी असायची. फ्लॅटमध्ये ही सगळी कामं साडेतीन-चार फूट रुंदीच्या बोळकांडीत येऊन पडली. कामं कमी तर झालीच नाहीत, वर हेल्मेट, लॅपटॉपची बॅग आणि रोजचं पार्सल यांची भर पडली.

बहुतेक जण यावर पहिला उपाय म्हणून शू रॅक आणतात. माझ्या मते तो जवळजवळ शेवटी करायचा उपाय आहे. मोजमाप न घेता आणलेला रॅक वाट अडवतो, आणि त्यात न मावलेल्या चपला त्याच्यासमोर साठतात, म्हणजे वाट दोनदा अडते. आधी जमीन मोकळी करायची, मग उरलेल्या वस्तूंना भिंतीवर जागा द्यायची. पुढचं सगळं याच क्रमाने सांगते.

आधी टेप आणि खडू

पॅसेजची लांबी-रुंदी मोजा. नुसत्या भिंती मोजून भागत नाही, दार कुठून कुठे फिरतं ते जमिनीवर आखा. दाराच्या मोकळ्या कडेशी खडू धरून दार सावकाश उघडा. फरशीवर जो कंस उमटेल त्याच्या आत काहीही उभं राहू शकत नाही. हा कंस बघितल्यावर "इथे एक कपाट सहज बसेल" या कल्पनेतली निम्मी जागा गेलेली दिसते.

एक उदाहरण करून बघू. पॅसेज ४४ इंच रुंद, ५ फूट लांब. दार अरुंद बाजूच्या भिंतीत, झडप ३६ इंची, बिजागऱ्या डाव्या हाताला, भिंतीपासून ४ इंचांवर. दार आत उघडून डाव्या भिंतीला टेकतं. म्हणजे डाव्या भिंतीचे पहिले तीन फूट दाराचे झाले, तिथे काही ठेवायचं नाही. उरली उजवी भिंत. तिला लागून ९ इंच खोलीचं कपाट करायचं म्हटलं, तर ते थेट दारापासून सुरू करता येत नाही, दाराची कड त्याला घासेल. खडूचा कंस सांगतो की कपाट दारापासून साधारण २० इंच सोडून सुरू व्हायला हवं. साठातून वीस गेले, उरले ४० इंच. तीन फुटी कपाट त्यात नीट बसतं.

आता चालायची वाट. ४४ वजा ९ म्हणजे ३५ इंच. दार पूर्ण उघडं असताना त्यातले आणखी चार-पाच इंच जातात, तरी ३० उरतात. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेलं माणूस आणि एका दाराचा फ्रिज तेवढ्यातून जातो. हेच कपाट १४ इंचांचं केलं असतं तर दार उघडं असताना २५ इंच उरले असते, आणि फ्रिज बदलायच्या दिवशी हमालांनी आधी कपाट काढायला लावलं असतं. घरात व्हीलचेअर असेल किंवा पुढेमागे लागेल असं वाटत असेल, तर ३६ इंचांच्या खाली उतरूच नका, मग कपाट हॉलमध्ये न्यावं लागलं तरी चालेल.

मोजताना आणखी तीन गोष्टींची जागा कागदावर टिपून ठेवा: स्विचबोर्ड, एमसीबीचा (घरची वीज तोडणाऱ्या खटक्यांचा) डबा आणि इंटरकॉम. एमसीबीचा डबा बऱ्याच इमारतींत नेमका दारामागे किंवा दारावर असतो. तो कपाटाच्या पाठीमागे गाडून टाकू नका. दिसायला नको असेल तर बिजागरी लावलेली हलकी फ्रेम त्यावर बसवता येते. अंधारात चाचपडत पोचता आलं पाहिजे, एवढंच बघायचं.

दोन मिनिटांची चाळणी

घरात शिरल्यावरची दोन मिनिटं आणि बाहेर पडण्याआधीची दोन मिनिटं. या वेळात जी वस्तू हाताला लागते तीच दारात राहील, बाकीच्यांनी आत जागा शोधायची. ही चाळणी लावली की काय काय बाहेर पडतं ते बघा: लग्नाला घालायच्या कोल्हापुरी, मागच्या वर्षीच्या ट्रेकचे बूट, रद्दी, मोडकी छत्री "दुरुस्त करून आणू" म्हणून ठेवलेली, सोसायटीच्या मीटिंगची परिपत्रकं, कुणाला तरी परत द्यायचे डबे.

चपलांचा नियम सोपा ठेवा. माणशी दोन जोड दारात, एक रोजचा बाहेरचा, एक खाली दूध-भाजी आणायला जायचा. चार माणसांचे आठ जोड. बाकीचे खोक्यात घालून, खोक्यावर नाव लिहून माळ्यावर किंवा बॉक्सबेडमध्ये. माळ्यावर टाकण्याआधी तळवे पुसून दोन तास उन्हात ठेवा, नाहीतर दिवाळीत काढताना रेक्झिन सोलवटलेलं मिळेल. खरं तर ज्या जोडाला दोन दिवाळ्या पाय लागलेला नाही, तो माळ्यावरही नको.

हा टप्पा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत भांडणाचा. आजोबांची "ही असू दे, पावसात लागते" ही चप्पल सहसा राहतेच. राहू द्या. पण एक करा: भरलेला गॅस सिलिंडर, रद्दीचे गठ्ठे, जुन्या रंगाचे डबे दारात अजिबात नकोत. बहुतेक फ्लॅटना बाहेर पडायला ती एकच वाट असते, आणि आग लागलीच तर तीच वाट पेटलेली असणं परवडणारं नाही.

दाराबाहेरची जागा आपली नाही

आत जागा नाही म्हटल्यावर माणूस लॉबीकडे बघतो. शेजाऱ्याने ठेवलंय, मग आपणही एक लाकडी कपाट ठेवू. त्यावर मनी प्लांट, बाजूला सायकल. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे जिना, पॅसेज, लॉबी ही सामाईक जागा आहे, कुणा एका सभासदाची नाही. शिवाय महाराष्ट्रात २००६चा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावं लागतं. होज रीलसमोर, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळीच्या गुंडाळीसमोर, तुमचा रॅक उभा असेल तर सोसायटीची नोटीस येणारच, आणि ती आली की सेक्रेटरीशी वाद घालण्यात अर्थ नाही. धुराने भरलेल्या लॉबीत माणसं हाताने भिंत चाचपत जिन्याकडे जातात. त्या हाताला आपलं कपाट लागू नये.

मग बाहेर काय करता येतं? पाटी, दिवा, तोरण, पायपुसणं. चौकट स्वागतशील करायला हे चार पुरे होतात.

पाटीवर फ्लॅटचा नंबर मोठा आणि स्वच्छ हवा, कारण ती सगळ्यांत जास्त वाचतो तो कुरिअरवाला. नावं घरातल्या सगळ्यांची लिहा. फक्त घरमालकाचं एक नाव आणि त्याखाली पदव्या ही पद्धत आता जुनी वाटते. पितळी कोरीव पाटी सुंदर दिसते, पण दर महिन्याला पितांबरी हातात घ्यायची तयारी असेल तरच. नाहीतर ॲक्रिलिक किंवा सागवानी. पाटीची मधली रेषा जमिनीपासून पाच फुटांवर ठेवली की उभ्या माणसाला मान न वळवता वाचता येते.

झाड ठेवायचंच असेल तर एकच, आतल्या बाजूला. स्नेक प्लांट किंवा मनी प्लांट कमी उजेडात टिकतात, पण टिकतात म्हणजे वाढतात असं नाही. आठवड्यातून दोन दिवस त्यांना बाल्कनीत पाठवा. कुंडीखालच्या बशीतलं पाणी रिकामं करायला विसरू नका. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

रॅक: नऊ इंचांत काय बसतं

पुरुषांचा नऊ-दहा नंबरचा बूट ११ ते १२ इंच लांब असतो. तो सरळ ठेवायचा तर फळी १२-१३ इंच खोल लागते, आणि वर दाखवल्याप्रमाणे तेवढी जागा पॅसेजमध्ये नसते. म्हणून अरुंद जागेला पुढे झुकणाऱ्या कप्प्यांचं कपाट सोयीचं. कप्पा वरून ओढला की तिरका पुढे येतो, चपला त्यात उभ्या राहतात. अशी कपाटं ७ ते ९ इंच खोलीत मिळतात. सात इंचीत बायकांच्या सपाट चपला आणि मुलांचे शाळेचे बूट बसतात. जाड तळव्याचे स्पोर्ट्स शूज मात्र अडकतात आणि कप्पा पूर्ण बंद होत नाही. तो अर्धवट उघडा कप्पा मग रोज गुडघ्याला लागतो. दुकानात जाताना घरातला सगळ्यांत मोठा बूट पिशवीत घेऊन जा आणि तिथल्या कप्प्यात घालून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

एका जोडाला रुंदीत ८-९ इंच लागतात. तीन फुटी कपाटाच्या एका ओळीत चार जोड. दोन ओळी, आठ जोड. चौघांचं घर झालं.

सुताराकडून करून घेणार असाल तर पुढच्या गोष्टी त्याला आधीच सांगा, कारण विचारल्याशिवाय तो नेहमीचं चौकोनी खोकंच करून देईल.

कपाट जमिनीवर टेकवू नका, भिंतीला टांगा, खाली ६-७ इंच मोकळे. फरशी दिसत राहिली की पॅसेज मोठा वाटतो, आणि फरशी पुसणाऱ्या मावशींचा पोचा आतपर्यंत जातो. शिवाय रोजच्या वापरातल्या दोन-तीन चपला तिथेच सरकवता येतात. नऊ इंच खोलीत त्या आडव्या ठेवायच्या, भिंतीला समांतर, म्हणजे टोकं बाहेर येत नाहीत.

उंची साडेतीन फुटांच्या वर नेऊ नका. छतापर्यंत नेलं तर सामान जास्त मावेल, पण पॅसेजचा बोगदा होईल. साडेतीन फुटांवरचा माथा पार्सल टेकवायला, पर्स ठेवायला, सही करताना कागद धरायला उपयोगी पडतो.

बाहेर आलेले हँडल नकोत. अरुंद वाटेत ओढणी, खिसा, पिशवीचा बंद, सगळं त्यात अडकतं. झडपेच्या वरच्या कडेला खाच मारून घ्या. कोपरे गोलसर घासून घ्या. लॅमिनेट मॅट घ्या. चकचकीत सनमायकावर बोटांचे ठसे दुसऱ्याच दिवशी दिसतात. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, घेतला तर ओल्या चपलांनी फुगत नाही, निदान खालच्या फळीला तरी तोच वापरा. आणि झडपांना लूव्हरच्या (फटी असलेल्या तिरप्या) पट्ट्या किंवा भोकं हवीतच, बंद कपाटात चपलांचा वास कोंडतो.

पावसाळा वेगळा धरायचा

जून ते सप्टेंबर दाराचं गणितच बदलतं. मे महिन्यात नीट चालणारी मांडणी पहिल्या मोठ्या पावसात कोलमडते, कारण तीत ओल्या वस्तूंसाठी जागाच नसते.

ओली छत्री उघडी ठेवायला पॅसेज पुरत नाही. ती बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत उघडा. निथळली की दारात आणा. दारात तिच्यासाठी दोन खुंट्या आणि खाली एक उथळ ट्रे. छत्र्या-रेनकोटच्या खुंट्या कपाटापासून दूर, म्हणजे पाणी लाकडावर ओघळत नाही. ट्रे स्टीलचा किंवा प्लास्टिकचा, दोन इंच कडेचा, रोज उचलून ओतता येईल असा. पाऊस थांबला की तो माळ्यावर जातो, बाराही महिने तिथे ठेवू नका.

ओला बूट कधीच थेट कपाटात घालू नका. आधी त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, वरून पंख्याची हवा. कपाटात जायला सहसा दुसरा दिवस उजाडतो. म्हणूनच पावसाळ्यात चामड्याचे जोड माळ्यावर आणि रबरी-प्लास्टिकच्या चपला दारात, अशी अदलाबदल जूनच्या पहिल्या आठवड्यातच करून टाकावी. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, आत झटकू नका.

लाकडी दारही याच दिवसांत फुगतं आणि चौकटीला घासायला लागतं. लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. जुलैत तासलेलं दार जानेवारीत आक्रसतं आणि मोठी फट पडते. घासते त्या कडेला मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. ऑक्टोबरच्या उन्हानंतरही घासत असेल तर मग रंधा.

उंबरठा आणि पायपुसणं

पायपुसणी दोन हवीत. बाहेर काथ्याचं, खरखरीत, चिखल आणि रेती खरवडणारं. आत सुती, पाणी शोषणारं. एकाच पायपुसण्याकडून दोन्ही कामं होत नाहीत. काथ्याचं घेताना रबरी तळ आहे का बघा, गुळगुळीत फरशीवर ते सरकता कामा नये.

आतलं घेण्याआधी दाराच्या खालची फट मोजा. बऱ्याच दारांना ती अर्धा इंचही नसते. जाड पायपुसणं त्याखाली गुंडाळलं जातं, आपण दार जोरात ढकलतो, आणि काही महिन्यांत वरची बिजागरी सैल होते. फट कमी असेल तर पातळ पट्टी घ्या किंवा खडूच्या कंसाच्या पलीकडे ठेवा.

उंबरठा एरवी पाणी आणि धूळ अडवतो, पण वय झालेल्या माणसाचा पाय तिथेच अडखळतो. दगड आणि फरशी एकाच रंगाची असेल तर विशेषच. उंबरठ्याच्या कडेला वेगळ्या रंगाची, पाय न घसरणारी पट्टी चिकटवा. व्हीलचेअरसाठी उतार करायचा तर एक इंच उंचीला एक फूट लांबी हे प्रमाण धरा, म्हणजे दोन इंची उंबरठ्याला दोन फुटांचा उतार. लक्ष्मीच्या पावलांचे गुळगुळीत स्टिकर उंबरठ्याच्या आत, पाय पडतो तिथे लावू नका. ओल्या पायाखाली ते घसरतात. बाजूला लावले तरी लक्ष्मी वाट चुकणार नाही.

उजेड, रंग, आरसा

कमी खर्चात सगळ्यांत जास्त फरक पडतो तो दिव्याने. पॅसेजमध्ये बिल्डरने लावलेला एक पांढरा बल्ब असतो, तोही दाराच्या मागे, म्हणजे दार उघडलं की पाहुण्याच्या तोंडावर सावली. दिवा पॅसेजच्या मध्यावर, छतावर हवा. नऊ वॅटचा एलईडी, ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश. दुधी झाकणाचा दिवा घ्या, उघडा बल्ब डोळ्यात जातो. वायरिंगला हात लावायचा नसेल तर हालचाल ओळखून लागणारा सेन्सर होल्डर मिळतो. आहे त्या जागी बसवायचा, त्यात बल्ब लावायचा. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना दिवा आपोआप लागणं ही चैन वाटत नाही.

भिंत उजळ ठेवा, पण पांढरीशुभ्र नको. पॅसेजची भिंत कमरेपर्यंत मळतेच, हात, दप्तरं, बॅगा, सायकलचं हँडल घासतं. तीन फुटांपर्यंत धुता येणारा रंग किंवा लाकडी-पीव्हीसी पट्ट्या, वर फिका रंग. गडद रंगाची हौस असेल तर ती समोरच्या छोट्या भिंतीवर भागवा. लांब बाजूच्या भिंती गडद झाल्या की बोळकांडी आणखी आवळते.

आरसा लावायचा तो बाजूच्या भिंतीवर. दारासमोर आरसा नको असं वास्तूवाले सांगतात. माझं कारण वेगळं आहे: समोरच्या आरशात दार उघडताच लॉबीतल्या माणसाला अख्खं घर दिसतं. बाजूच्या भिंतीवर, कपाटाच्या माथ्याच्या वर, दीड फूट रुंद आणि अडीच-तीन फूट उंच आरसा लावला की पॅसेजची रुंदी वाढल्यासारखी वाटते, आणि बाहेर पडताना टिकली सरळ आहे का हेही कळतं. तो कपाटाच्या माथ्यापासून पाच-सहा इंच वर घ्या. घरातल्या बुटक्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे.

खुंट्या, किल्ल्या आणि ड्रिल मशीन

खुंट्यांची संख्या कमीच ठेवा. मोठ्यांसाठी साडेपाच फुटांवर चार, मुलांसाठी तीन-सव्वातीन फुटांवर दोन. मुलांच्या उंचीवर खुंटी नसेल तर दप्तर जमिनीवर पडणार, मग कितीही ओरडा. हेल्मेटला खोल, गोल टोकाची खुंटी लागते. बारीक टोकाने आतला फोम फाटतो. खुंट्या दिल्या तितक्या भरतात, रिकाम्या राहत नाहीत. दहा लावल्या तर दहावर कपडे लोंबतील आणि ४४ इंचांचे ३८ होतील.

किल्ल्यांची जागा आतल्या भिंतीवर, सेफ्टी डोअरच्या जाळीतून न दिसणारी आणि जाळीतून हात घालून न पोचणारी. दुधाच्या पिशवीसाठी सेफ्टी डोअरला आतून एस आकाराचा एक हुक पुरतो. बिलं, पावत्या, सोसायटीची पत्रं यांच्यासाठी भिंतीवर एकच अरुंद कप्पा, बोटभर जाडीचा. तो भरला की कळतं, निवडायची वेळ झाली.

भिंतीला भोक पाडण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल मारायचं नाही. वायरचा पाइप बहुतेक तिथूनच गेलेला असतो. दुसरी, भिंत कशाची आहे. जुन्या विटांच्या भिंतीत साधी गिट्टी (भोकात ठोकायचा प्लास्टिकचा प्लग) आणि स्क्रू धरतो. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर भोक पाडताना पांढरा भुसभुशीत चुरा पडतो. तिथे लांब गिट्टी लागते, आणि टांगतं कपाट तर अशा भिंतीसाठीच्या खास फास्टनरशिवाय लावूच नये. मायवान पद्धतीच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतून बांधलेल्या) इमारतीत भिंत सगळी काँक्रीटची, साधं ड्रिल नुसतं घरघरतं, हॅमर ड्रिल आणावं लागतं. सोसायटीत ठोकाठोकीची वेळ ठरलेली असते, तेवढी वॉचमनला आधी विचारून घ्या.

टेकायला काहीतरी

जागा असेल तर १६ ते १८ इंच उंच, फूटभर खोल असं बसकं स्टूल ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना १८ बरं. जागा नसेल, आणि बहुधा नसतेच, तर भिंतीला लागून मिटणारी फळीची बैठक करता येते, पण ती विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीलाच. सिपोरेक्सवर माणसाचं वजन टाकू नका.

तेही शक्य नसेल तर चौकटीशेजारी एक उभा स्टीलचा दांडा लावा, बाथरूममध्ये लावतात तसा, अडीच ते चार फूट उंचीच्या दरम्यान. चप्पल घालताना आई-बाबांचा एक हात त्यावर राहतो. दिसायला तो फारसा देखणा नाही, तरी पॅसेजमधल्या सगळ्या वस्तूंत जास्तीत जास्त वेळा हात लागतो तो यालाच.

भाड्याचं घर असेल तर

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला भिंतीला हात लावायची चोरी. चिकटणाऱ्या खुंट्या टाइल, काच, लॅमिनेट आणि ऑइल पेंट केलेल्या दारावर चांगल्या धरतात. डिस्टेंपरच्या भिंतीवर धरत नाहीत, पडताना रंगाचा पापुद्रा घेऊन पडतात आणि तो डिपॉझिटमधून कापला जातो. त्यापेक्षा दाराच्या वरच्या कडेला अडकवायच्या लोखंडी खुंट्या घ्या. मात्र दार बंद होताना त्यांची पट्टी चौकटीत अडकत नाही ना ते बघा. रॅक सुटा, अरुंद, जिन्यातून नेता येईल असा. तीन फुटीच घ्या, पुढच्या घरातही खपेल. बल्ब बदलायला मालकाची परवानगी लागत नाही, जाताना जुना परत लावायचा.

तोरण, रांगोळी आणि वीस जोड चपला

चौकटीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन छोटे पितळी हुक एकदाच पक्के बसवून घ्या. दसऱ्याला झेंडू आणि आंब्याची पानं, पाडव्याला पुन्हा, एरवी कापडी तोरण. दर सणाला नवा खिळा आणि सेलोटेप करत राहिलं की चौकटीचं पॉलिश जातं. लिंबू-मिरची बांधणारे असाल तर तिसरा हुक बाजूला, पाटीवर लोंबू नये. सुकलेलं तोरण चार दिवसांत उतरवा, झेंडूच्या पाकळ्या गळून काथ्याच्या पायपुसण्यात रुततात आणि निघता निघत नाहीत.

रांगोळीला उंबरठ्याबाहेर एका कडेला फूट-दीड फुटाचा तुकडा पुरतो. मधोमध काढली तर पहिलाच पाहुणा तिच्यावर पाय देतो. दिवाळीच्या पणत्या कपाटापासून आणि कापडी तोरणाच्या रेषेपासून दूर, दगडी उंबरठ्याच्या टोकाला ठेवा, आणि झोपायला जाताना विझवा.

गणपतीत किंवा हळदीकुंकवाला वीस-पंचवीस जोड येणारच. त्यासाठी कायमचा रॅक मोठा करणं हा वेडेपणा आहे. त्या दिवसापुरती जुनी सतरंजी भिंतीलगत अंथरा, आतल्या पॅसेजमध्ये एका बाजूला आणि गरज पडलीच तर लॉबीत दाराच्या बाजूला, जिना आणि लिफ्टची वाट सोडून. तीन फुटी सतरंजीवर दोन ओळींत आठ जोड बसतात. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आपल्या घरच्या आठ जोडांनी त्या दिवशी कपाटाबाहेर यायचं नाही, आणि घरातल्या एका मुलाला चपला जुळवून ठेवायचं काम द्या. प्रसादाच्या दोन जादा मोदकांवर ते आनंदाने होतं.